ताईचं स्टिअरिंग

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी टेबलावर तसंच टाकलं असशील. मग चहा घेतला असशील, भांडी आवरली असशील, आणि आता करण्यासारखं काहीच उरलं नाही म्हणून नाइलाजाने फोडलं असशील. मी काय आज ओळखते तुला? फोन केला असता तर तू उचलला नसतास, आणि चुकून उचलला असतास तर माझं दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आत ‘बरं, ठेवते’ म्हणून मोकळी झाली असतीस. पत्राला मध्येच तोडता येत नाही. फाडता येतं, पण तू पडलीस काटकसरी. विकत घेतलेल्या गोष्टीचा पुरता उपयोग केल्याशिवाय टाकत नाहीस, मग फुकट आलेलं पत्र न वाचता कशी टाकशील?

आधी घरचं सांगते. सगळं छान चाललंय. तुझ्या मेहुण्यांनी निवृत्तीनंतर गॅलरीत टोमॅटो लावलेत आणि रोज सकाळी ते त्या रोपांशी इतक्या मायेने बोलतात की मला लग्नाची सुरुवातीची वर्षं आठवतात. तेव्हाही माझ्याशी एवढं बोलत नव्हते, हा भाग वेगळा. तुझ्या भाचीला अखेर गाडीचं लायसन्स मिळालं. परीक्षा घेणाऱ्या माणसाने तिला विचारलं म्हणे, क्लच इतका हलका सोडायला कुठे शिकलीस? हिने छाती फुगवून सांगितलं, माझी मावशी बस चालवते. ‘चालवते’ म्हणाली, ‘चालवायची’ नाही. घरी येऊन तिने मला हे सांगितलं तेव्हा मी भाजी चिरत होते, आणि डोळ्यांत पाणी आलं त्याचा दोष कांद्यावर ढकलून मोकळी झाले.

आता तू म्हणशील, ही मुद्द्यावर कधी येणार. येते. तुला स्टिअरिंगवरून उतरवून डेपोच्या पासच्या खिडकीत बसवलं, त्यानंतरच्या रविवारी तू माझ्याकडे आली होतीस. सुट्टी असूनही तू युनिफॉर्ममध्ये होतीस. मी ते बघितलं आणि चहा ठेवला. तू चहाला हातही लावला नव्हतास. सरळ म्हणालीस, “तू एक शब्द टाक. तिथे तुझं ऐकतात.” आणि मी म्हणाले, “नाही टाकणार.” तू कारण विचारलंस, तेही मी सांगितलं नाही. तू उठलीस, चप्पल घातलीस, आणि जिना उतरताना एकदाही वर बघितलं नाहीस. तेव्हापासून आपल्या दोघींचा सगळा कारभार आईमार्फत चाललाय. आई बिचारी निरोप देऊन देऊन थकली. परवा मला म्हणाली, तुम्हा दोघींपेक्षा पोस्टमन बरा, त्याला निदान दुपारची सुट्टी असते.

त्या रविवारी कारण का सांगितलं नाही, ते आज सांगता येतं. आमच्या तपासणी खात्याचा अहवाल संचालकांच्या समितीपुढे गेला, मंजूर झाला, त्याची प्रत तुमच्या डेपोच्या सूचनाफलकावरही लागली, तेव्हा आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही. तू माझ्या दारात आलीस, त्याच्या आदल्या आठवड्यात ते काम माझ्या टेबलावर आलं होतं. ड्रायव्हरच्या केबिनमधला तो कॅमेरा, ज्याला तुम्ही सगळे ‘सासूबाई’ म्हणता, त्याचीच तपासणी आम्हाला करायची होती. तो चेहऱ्यावर नजर ठेवणार, डुलकी ओळखणार, कंट्रोल रूमला कळवणार, आणि तिथला माणूस खात्री करून निर्णय घेणार, असं आपल्या बस कंपनीने सगळ्यांना सांगितलं होतं. ते तसं खरोखर होतंय का, हे बघायचं होतं. ज्या गोष्टीची तपासणी करायची, तिच्याबद्दल मी माझ्या बहिणीसाठी शब्द टाकला असता, तर माझ्या अहवालाची किंमत रद्दीएवढीही राहिली नसती. तुझ्याही नाही, आणि तुझ्यासारख्या बाकीच्यांच्याही कामी तो आला नसता. म्हणून गप्प बसले. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा गप्प बसेन. वाईट मात्र वाटलं, फार वाटलं. त्या दिवशीचा तुझा चहा मी कितीतरी वेळ ओतून टाकला नाही.

कामाच्या पहिल्याच दिवशी मी समितीच्या अध्यक्षबाईंना लेखी कळवलं, की माझी सख्खी बहीण या कॅमेऱ्यामुळे स्टिअरिंगवरून उतरली आहे, तेव्हा हे काम दुसऱ्या कोणाला द्यायचं असेल तर द्या. त्यांनी विचार करून सांगितलं, काम तूच कर, पण तुझ्या बहिणीच्या डेपोची एकही फाईल तुझ्या नजरेला पडता कामा नये. त्या सगळ्या फायली मग चष्म्याकडे गेल्या. चष्मा म्हणजे माझा सहकारी. इतका नियमाने चालणारा की रिकाम्या रस्त्यावरही सिग्नल हिरवा व्हायची वाट बघत उभा राहतो. त्याने त्या फायली वेगळ्या कपाटात ठेवल्या आणि किल्ली घरी नेऊ लागला. तू आईला विचारत होतीस ना, हिने माझं काय बघितलं म्हणून? काहीच नाही बघितलं. आजही नाही.

तू मला नेहमी चिडवतेस, दुसऱ्याच्या कामात चुका काढायचा पगार घेतेस म्हणून. थोडं खरं आहे ते. पण मशीन चालवणं आमचं काम नाही, आणि कोणी बस चालवावी हे ठरवणंही आमचं काम नाही. राखणीला बसवलेला माणूस जागा आहे की नाही, एवढंच आम्ही बघतो. कंपनीने म्हटलं होतं, शेवटचा निर्णय माणूसच घेतो. तर मी कंट्रोल रूममध्ये जाऊन त्या माणसाशेजारी खुर्ची टाकून बसले. तिथला सुपरवायझर माझ्या चांगल्या ओळखीचा. रोज चहाच्या वेळी आमची गाठ पडते, त्याच्या मुलीच्या परीक्षेपासून माझ्या गुडघ्यापर्यंत सगळे विषय होतात. मोठ्या पडद्यावर बसचे ठिपके सरकत होते आणि कोपऱ्यात मधूनमधून एक छोटं चित्र उघडायचं. ड्रायव्हरचा चेहरा, डोळ्यांभोवती लाल चौकोन, खाली दोन बटणं. एक ‘पटलं’, एक ‘नाही पटलं’. मी बसले होते तेवढ्या वेळात तो माझ्याशी गप्पा मारत, बिस्किट खात, ‘पटलं’ दाबत गेला. मी सहज विचारलं, दुसरं बटण दाबलं तर काय होतं? तो म्हणाला, दाबून बघितलं नाही कधी. मग मी दाबायला लावलं. तर एक लांबलचक फॉर्म उघडला. कारण लिहा, पुरावा जोडा, वरिष्ठांचं नाव टाका, आणि सगळ्यात खाली, पुढे अपघात झाल्यास जबाबदारी माझी राहील, असं कबूल करा. ‘पटलं’ दाबलं तर यातलं काहीच नाही. सही नाही, जबाबदारी नाही, प्रश्न नाही. आता सांग, कोण कशाला नसती आफत ओढवून घेईल?

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. त्याच्या डोक्यावर भिंतीला एक प्रशस्तिपत्र टांगलं होतं, काचेच्या चौकटीत. उत्कृष्ट पर्यवेक्षक. मी कौतुकाने विचारलं, हे कशाबद्दल? तर म्हणाला, मशीनच्या निर्णयाशी माझे निर्णय सगळ्यात जास्त जुळले म्हणून. ताई, माझ्या हातातला चहा तिथेच थांबला. या माणसाला मशीनवर लक्ष ठेवायला बसवलंय, आणि तो लक्ष नीट ठेवतो की नाही हे ठरवायचं कशावरून, तर मशीनशी त्याचं किती जुळतं यावरून! विद्यार्थ्याचा पेपर तपासायला मास्तर नेमावा आणि मास्तरला मार्क विद्यार्थ्याने द्यावेत, त्यातला प्रकार. आणि हे कोणी वाईट बुद्धीने केलेलं नव्हतं. वरच्या मजल्यावर कोणाला तरी वाटलं, मशीन बरोबरच असणार, तेव्हा जो मशीनसारखं वागेल तो हुशार. कुणी त्यात दुष्टपणा शोधू नये. असल्या चुका चांगली, कामसू माणसंच करतात, भरल्या सभागृहात, टाळ्या वाजवून.

पण आमच्या धंद्यात नुसतं ‘मला वाटतं’ चालत नाही, करून दाखवावं लागतं. समितीची परवानगी घेऊन आम्ही एक चाचणी केली. यार्डात दुरुस्तीला आलेली एक बस उभी होती. मेकॅनिकने इंजिन सुरू केलं, कॅमेरा चालू झाला, आणि आमच्या खात्यातली माणसं एकेक करून ड्रायव्हरच्या सीटवर बसली. एकजण जाड चष्मा लावून, एकजण खाली वाकून बाजूच्या आरशात बघत, आणि मला काम दिलं होतं हसायचं. शेजारच्या डेपोतल्या त्या हसऱ्या ड्रायव्हरला उतरवलं होतं ना, प्रवाशांशी थट्टामस्करी करत गाडी चालवणारा, त्याच्याबद्दल आम्हाला शंका होती, की मशीन त्याचं हसणं झोपेत मोजतंय. मी हसले की माझे डोळे कुठे जातात ते तुला माहीत आहे. आई म्हणायचीच, हिला हसताना कोणी लुटून नेलं तरी हिला दिसायचं नाही. पण हुकूम सोडला की हसू थोडंच येतं? चष्म्याने एक विनोद सांगितला, त्यावर तर रडूच आलं. शेवटी तो मेकॅनिक वैतागून म्हणाला, मॅडम, हात स्टिअरिंगवर ठेवा, लग्नाचा फोटो काढायला नाही बसलात. तेव्हा मात्र मला असं हसू फुटलं की आवरेना. बसच्या त्या एवढ्या मोठ्या चाकाला धरून मी खदाखदा हसत बसले होते. जिला धड सायकल चालवता येत नाही, ती! तू असायला हवी होतीस, ताई. खरंच असायला हवी होतीस.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचले आणि मोबाईलवर निरोप आला. त्या चाचणीसाठी तयार केलेल्या खोट्या ड्रायव्हर क्रमांकाला माझाच नंबर जोडलेला होता. ‘आपणांस पुढील आदेशापर्यंत स्टिअरिंग ड्यूटीवरून कमी करण्यात येत आहे.’ आधी मी मोठ्याने हसले. चष्म्याला दाखवला, तोही हसला. मग खुर्चीत बसून तो निरोप पुन्हा वाचला आणि हसू विरलं. कारण त्यात का ते नव्हतं. कोणी ठरवलं, ते नव्हतं. कोणाला जाऊन विचारायचं, ते नव्हतं. मी तर खोटी ड्रायव्हर, माझं काहीच गेलं नव्हतं, तरी मी तो तिसऱ्यांदा वाचला. हाच निरोप तुला आला होता, शब्द न शब्द हाच, आणि तू तो एकटीने डेपोच्या आवारात उभी राहून वाचला असशील. त्या दिवशी पहिल्यांदा मला तुझा राग नुसता कळला नाही, लागला.

सुपरवायझरला आम्ही ते चित्र पुन्हा दाखवलं. त्याला गाठायचं म्हणून नाही, त्याचं म्हणणं ऐकायला. मोठ्या पडद्यावर माझा हसरा चेहरा, डोळ्यांभोवती लाल चौकोन, खाली त्याचं ‘पटलं’. तो पडद्याजवळ सरकला. मग म्हणाला, “मॅडम, हा तुमचा चेहरा आहे हे मी बघितलंच नव्हतं. मी चेहरा बघतच नाही. मी तो चौकोन बघतो.” रोज ज्याच्यासमोर बसून मी चहा पिते, त्याने मला ओळखलं नाही. मला त्याचा राग नाही आला. त्याला तसंच शिकवलं होतं, आणि वर त्याचं प्रशस्तिपत्रही दिलं होतं. अहवालात त्याचं नाव मी कुठेही घातलं नाही. ते प्रशस्तिपत्र त्याने स्वतःच उतरवलं. आता तिथे मुलीने काढलेलं चित्र लावलंय, आणि नवीन पद्धतीचं शिक्षण देणाऱ्यांत तोच सगळ्यात पुढे असतो.

समितीपुढची बैठक सोपी नव्हती. मोठे साहेब चिडले होते, आणि त्यांचं सगळंच चुकीचं नव्हतं. कॅमेरे आल्यापासून अपघात खरोखर कमी झालेत, आणि हे मी अहवालाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं. माझ्या बहिणीचं काय झालं यावरून मशीनचं चांगलं झाकून ठेवायची माझी इच्छा नव्हती. त्यांचं दुखणं वेगळं होतं. ‘मानवी देखरेख प्रत्यक्षात नाही’ हे माझं वाक्य बदलून ‘मानवी देखरेख अधिक बळकट करता येईल’ असं करा, म्हणाले. मी म्हटलं, साहेब, जे आहे ते बळकट करता येतं. जे नाही त्याला आधी जन्माला तर घाला. बाकीचे खाली बघून हसले. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, या मशीनला आजवर ‘नाही’ कोणी म्हटलंय का? मग त्यांनी माझं वाक्य जसंच्या तसं ठेवलं.

पुढचं तुला डेपोत कळलंच असेल. आता दोन माणसं एकमेकांना न विचारता चित्र बघतात. दोन्ही बटणांना सारखंच लिहावं लागतं. जुळवणीचे मार्क बंद. मशीनचा जाब द्यायला एक नावानिशी अधिकारी नेमलाय, आणि कोणालाही उतरवण्याआधी समोर बसवून कारण सांगायचं, त्याचं ऐकायचं, लागलं तर डॉक्टरकडे पाठवायचं. आम्ही अधूनमधून न सांगता जाऊन बघणार, हे चालतंय का. आणि आजवर ज्यांना उतरवलं, त्या सगळ्यांना वैद्यकीय तपासणी करून परत घ्यायचं. तो हसरा परत गाडीवर आलाय. ज्यांची एक पापणी जन्मापासून अर्धी मिटलेली असते, ते वयस्कर ड्रायव्हरही आलेत. परवा त्यांच्या बसने मी ऑफिसला गेले, पूर्ण प्रवास इतक्या अलगद झाला की उतरावंसं वाटेना. हे बघून मला किती बरं वाटतं काय सांगू. इतक्या वर्षांत कितीतरी अहवाल लिहिले आणि ते कपाटात जाऊन बसले. हा एक रस्त्यावर धावताना दिसतो.

इथपर्यंत तू गालात हसत वाचलं असशील. आता जरा दम धर. आईने सांगितलं, तपासणीचं तुझं पत्र तू परत पाठवलंस. वर लिहिलंस, मशीन खोटं ठरलंय, आता माझी कसली तपासणी करता? पासच्या खिडकीतून निवृत्त होईन पण डॉक्टरपुढे उभी राहणार नाही, असंही म्हणालीस म्हणे. तुझा बाणा मला ठाऊक आहे, मोडेन पण वाकणार नाही. पण ताई, मशीन खोटं ठरलं असं मी कुठेच लिहिलेलं नाही. ते खरं बोलतंय की खोटं, हे बघायला तिथे कोणी नव्हतं, एवढंच मी लिहिलंय. या दोन्ही गोष्टी ऐकायला एकच वाटतात, पण त्या वेगळ्या आहेत. बघायला कोणी नसलं की चांगल्या ड्रायव्हरवर अन्याय होतो. आणि बघायला कोणी नसलं, तर ज्याला खरंच काही होतंय त्यालाही कोणी विचारत नाही. त्याला नुसतं खिडकीत नेऊन बसवतात.

गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत चष्मा माझ्या टेबलाशी आला. डबा अर्धा सोडून आला होता, यावरूनच मी काय ते समजायला हवं होतं. उभ्याउभ्याच म्हणाला, “मॅडम, फाईलमधलं मी काही सांगणार नाही, आणि तुम्हीही विचारू नका. पण तुमच्या ताईंना तपासणीला पाठवा.” एवढं बोलून तो कालच्या क्रिकेटच्या सामन्याबद्दल बोलू लागला, ज्यातलं त्याला काडीचंही कळत नाही. मी विचारलं नाही. त्याच्या कपाटाकडे बघितलंही नाही. घरी येऊन मात्र स्वतःलाच विचारलं, की फाईल सोड, तुला स्वतःला काय माहीत आहे? आईच्या ऑपरेशनच्या वेळी आपण दोघी आळीपाळीने दवाखान्यात बसत होतो. एका दुपारी मी डबा घेऊन आले तर तू खुर्चीत बसल्याबसल्या झोपली होतीस. चांगली घोरत होतीस, आणि मी मोबाईल काढला होता, नंतर तुला ऐकवून चिडवायला. आणि घोरणं थांबलं. मला वाटलं जागी झालीस. पण तू जागी नव्हतीस. श्वासच थांबला होता, ताई. मी मनातल्या मनात मोजू लागले आणि मोजता मोजता घाबरले. मग तू एकदम धापा टाकत श्वास घेतलास आणि पुन्हा घोरू लागलीस. पुन्हा थांबलीस. जाग आल्यावर म्हणालीस, डोकं जड झालंय, कितीही झोपले तरी झोप पुरत नाही बघ. आणि मी म्हणाले, वय झालं आता तुझं. दोघी हसलो.

तर हे पत्र मी का लिहिलं ते आता सांगते. तुझा राग जावा म्हणून नाही. तो असू दे, तू रागात असलीस की घर भरल्यासारखं वाटतं. मला वाटतं, तुझ्या बाबतीत मशीन बरोबर होतं. दुसरं कोणी हे तुला सांगणार नाही. सगळे तुझ्या बाजूचे आहेत, आणि त्यांच्या हातात माझाच अहवाल आहे. मी ओळखीच्या डॉक्टरबाईंना तुझं नाव न सांगता विचारलं. त्या म्हणाल्या, हे पुष्कळांना असतं, झोपेत श्वास अडतो, आणि माणूस दिवसा बसल्या जागी पेंगतो ते त्याला स्वतःला कळतही नाही. उपचार आहे, साधा आहे, आणि तो घेऊन लोक पुन्हा गाड्या चालवतात. तू लाजण्यासारखं काहीही केलेलं नाहीस. तुझी चूक एवढीच, की तू आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त थकत होतीस आणि आम्ही त्यावर विनोद करत होतो. गुरुवारी मी रजा टाकलीय. सकाळी तुझ्या दारात येईन, आपण दोघी तपासणीला जाऊ. माझा अंदाज चुकला, तर तुझ्या पहिल्या फेरीला मी पुढच्या सीटवर बसून शेवटच्या स्टॉपपर्यंत येईन आणि सगळ्या प्रवाशांदेखत तुझी माफी मागेन. बरोबर ठरला, तरी पुढची सीट माझीच, थोडी उशिरा एवढंच. मशीनने तुला उतरवलं तेव्हा कोणी तुझ्याकडे बघितलंच नव्हतं. मी बघितलंय, ताई. दार उघड.

तुझीच,
तुझ्या हातचा मार खाऊन मोठी झालेली
धाकटी